ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधली पट्टी

दातांना तारा लावल्यावर सर्वांत आधी खराब होते ती ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधली अरुंद पट्टी. वरच्या दातांवर ती ब्रॅकेटच्या वर असते, खालच्या दातांवर खाली, आणि तिची रुंदी असते जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. एरवी ओठ, गाल, जीभ आणि चावला जाणारा घास यांनी दाताचा दर्शनी भाग थोडाफार पुसला जात असतो. ब्रॅकेट चिकटवले की ही पुसणी थांबते. ब्रशचे केस तारेवर अडतात, ब्रॅकेटवरून घसरतात आणि पट्टी तशीच राहून जाते. चाळिशीच्या आसपास तारा लावून घेणाऱ्यांची संख्या आता बरीच वाढली आहे, पण या पट्टीविषयी त्यांना आधी कोणी सांगितलेले असते असे क्वचितच आढळते. शाळकरी मुलाला आईवडिलांसमोर बसवून ब्रश कसा करायचा ते शिकवतात. मोठ्या माणसाला हे येतच असेल असे गृहीत धरतात.

स्थिर ब्रेसेसमध्ये प्रत्येक दातावर धातूचे किंवा सिरॅमिकचे छोटे ब्रॅकेट असते, त्याच्या खाचेतून तार जाते आणि तार जागेवर राहावी म्हणून ब्रॅकेटभोवती रबराची कडी अडकवतात. दाढांवर नळी किंवा धातूचा बँड असतो. फटी मिटवताना रबरी कड्यांची सलग साखळी लावतात. ती असताना दातांमधली जागा जवळजवळ झाकली जाते. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचा पूर्ण पट्टा बसवावा लागे. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर या अमेरिकी दंतवैद्याने फॉस्फोरिक आम्ल लावून एनॅमल किंचित खरखरीत केले, तर त्यावर रेझिन घट्ट धरते हे दाखवून दिले. पुढे त्याच तत्त्वावर ब्रॅकेट थेट दातावर चिकटवण्याची पद्धत रूढ झाली आणि दोन दातांमधली जागा साफसफाईसाठी मोकळी झाली.

या सोयीबरोबर एक अडचणही आली. ब्रॅकेट दातावर दाबले की त्याखालचे कॉम्पोझिट, म्हणजे चिकटवायचे रेझिन, चहूबाजूंनी बाहेर येते. ते ओले असतानाच, निळा प्रकाश देऊन कडक करण्याआधी, टोकदार हत्याराने कडेने फिरून काढून टाकायचे असते. ते राहिले तर ब्रॅकेटभोवती खरखरीत कठडा तयार होतो. गुळगुळीत एनॅमलपेक्षा अशा खरखरीत पृष्ठभागावर जंतूंचा थर लवकर धरतो. हा कठडा दाताच्याच रंगाचा असल्यामुळे रुग्णाला आरशात दिसत नाही आणि कितीही घासले तरी ब्रशने निघत नाही. तो काढणे हे संपूर्णपणे दवाखान्याचे काम आहे. रुग्णाच्या हाती दिल्या जाणाऱ्या माहितीपत्रकात मात्र ब्रश, चिक्की आणि शीतपेये यांवर भरपूर मजकूर असतो, या कठड्यावर एक ओळही नसते.

दातावर साचणारा मऊ, चिकट थर म्हणजे प्लाक. तो म्हणजे नुसते अन्नाचे कण नव्हेत, जंतूंची ती एक जमलेली वस्ती असते. त्यातले काही जंतू, विशेषतः स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, साखर आणि शिजलेला स्टार्च आंबवून आम्ल तयार करतात. थरातला पीएच सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजे सुटू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते आणि गेलेली खनिजे काही अंशी परत आणून देते. त्याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली याला जास्त महत्त्व आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोड्या थोड्या वेळाने गोड चहाचे घोट घेणाऱ्या माणसाच्या दातांना सावरायला वेळच मिळत नाही. ब्रॅकेटच्या कडेला तर थर जाड आणि आडोशाला असतो, तिथे लाळही नीट पोहोचत नाही.

खनिजे गेलेला भाग आधी खडूसारखा पांढरा आणि निस्तेज दिसतो. दात कोरडा केल्यावर तो अधिक उठून दिसतो. स्वच्छता अपुरी राहिली तर असा डाग दिसू लागायला चार आठवडे पुरे होतात, म्हणजे तारेच्या दोन भेटींमधला काळ. वरच्या पुढच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचे छोटे दात यात बहुतेकदा सर्वांत आधी सापडतात. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, स्थिर ब्रेसेस लावलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या किमान एका दातावर असे डाग आढळले होते. इतक्या लोकांना होणारी गोष्ट केवळ रुग्णाच्या आळसाने होते, असे म्हणणे टिकत नाही.

मोठ्यांच्या बाबतीत दातांहून अधिक काळजी हिरड्यांची करावी लागते. लहान मुलांच्या हिरड्या तारांमुळे सुजतात, पण सहसा हाड शाबूत राहते आणि तारा निघाल्यावर सूज उतरते. पस्तिशी-चाळिशीपर्यंत अनेकांचे दातांभोवतीचे हाड थोडेफार झिजलेले असते आणि हिरडीच्या आत खोल कप्पे तयार झालेले असतात. हिरडी सुजलेली असताना, जंतूंचा थर आत असताना दात सरकवला, तर हाड आणखी वेगाने जाते. हाड गेलेले असतानाही दात सरकवता येतात, परंतु आधी हिरडीचा आजार आटोक्यात आणावा लागतो आणि तो उपचारभर आटोक्यात ठेवावा लागतो. तारा लावण्यापूर्वी प्रत्येक दाताभोवती मापनशलाका फिरवून कप्प्यांची खोली नोंदवायची असते. तीन मिलिमीटरपर्यंतची खोली सर्वसाधारण मानतात. त्याहून जास्त असेल आणि रक्त येत असेल, तर ब्रॅकेटचा विचार मागे ठेवून आधी हिरड्यांचे उपचार करायचे. या तपासणीला फार वेळ लागत नाही, पण ती टाळली गेली तर पुढचे सगळे अंदाजाने चालते.

औषधांची माहिती दंतवैद्याने विचारली नाही तरी सांगावी. रक्तदाबासाठी अनेकजण घेतात त्या अॅम्लोडिपिनमुळे काहींच्या हिरड्या वाढतात आणि ब्रॅकेटवर चढतात. अॅलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. लाळ कमी झाली की दातांचे संरक्षणच कमी होते. मधुमेह ताब्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरायला जड जाते. तंबाखूविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आतला आजार झाकला जातो. आपल्याकडे, विशेषतः गावाकडच्या बायकांत, मिशरीने दात घासण्याची सवय अजूनही आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड हिरडीला चोळल्याने हिरडी साफ होत नाही, तिथल्या त्वचेला इजा होते. तारांबरोबर तर ती पूड प्रत्येक खाचेत बसते. मिशरी सोडवल्याशिवाय तारा लावू नयेत.

तारा लावण्याआधी दातांचे जवळून घेतलेले, नीट प्रकाशातले फोटो असायला हवेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांत काही भागांतल्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि तिथे वाढलेल्यांच्या दातांवर लहानपणापासूनच पांढरे किंवा पिवळसर ठिपके असतात. पुढे डाग दिसले तर जुने कोणते आणि नवे कोणते हे फोटोंवाचून कोणालाच सिद्ध करता येत नाही. दवाखान्याने फोटो काढलेच तर त्यांची प्रत मागून घ्यावी. नाही काढले तर स्वतः मोबाइलवर, खिडकीच्या उजेडात, गाल बाजूला ओढून काढून ठेवावेत. ही सूचना कोणत्या अनुभवातून आली, ते सांगणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखिकेने चाळिशी ओलांडल्यावर पुण्यातील एका खासगी दवाखान्यात तारा लावून घेतल्या. अशा बऱ्याच दवाखान्यांत असते तशीच तिथली व्यवस्था होती. दवाखाना एका सर्वसाधारण दंतवैद्याचा. ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावणारे तज्ज्ञ, महिन्यातून ठरलेल्या दिवशी येणारे. त्या दिवशी बाहेरची बाकडी भरलेली, आत तीन खुर्च्या, प्रत्येक रुग्णाला काही मिनिटे. तार बघायची, बदलायची किंवा आवळायची आणि पुढच्या खुर्चीकडे वळायचे. रबरे बदलण्याचे काम सहायिका करायची. हिरड्या कोणी पाहायच्या, याची वाटणी कधी झालीच नव्हती. येणारे डॉक्टर ते दवाखान्याच्या डॉक्टरांचे काम समजत, दवाखान्याचे डॉक्टर तारांच्या रुग्णाला हात लावत नसत. हिरड्यांची खोली मोजली गेली नाही, फोटो घेतले गेले नाहीत. ब्रश कसा करायचा असे विचारल्यावर उत्तर मिळाले, “मॅडम, तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला काय सांगायचं. नीट करा म्हणजे झालं.” स्केलिंगबद्दल, म्हणजे दातांवरचे किटण काढण्याबद्दल, विचारले तेव्हा, तारा निघाल्यावर एकदमच करू, असे सांगण्यात आले.

ब्रश तीन वेळा होत होता, तोही तारांसाठीचा खास ब्रश आणून. तरीही हिरड्या फुगत गेल्या, सकाळी उशीवर रक्ताचा डाग दिसू लागला. त्याबद्दल विचारल्यावर “तारा असल्या की थोडं होतंच” हे ठरलेले वाक्य ऐकू येई. थोडे होते हे खरे. पण आपोआप रक्त येणे हे थोडे नव्हे, आणि हे दवाखान्यात बसलेल्या कोणालाही ठाऊक असायला हवे होते.

शेवटी दुसऱ्या एका दंतवैद्यांकडे दाखवले तेव्हा त्यांनी आधी तार काढून घेतली. मग कापसाच्या बोळ्याने सगळ्या दातांवर लाल रंगद्रव्य लावले, चूळ भरायला सांगितली आणि हातात आरसा दिला. दातांचे मधले भाग स्वच्छ, चावण्याच्या कडा स्वच्छ. पण प्रत्येक ब्रॅकेटच्या हिरडीकडच्या बाजूला गडद गुलाबी चंद्रकोर उमटली होती, एकाही दाताचा अपवाद नव्हता. त्यांनी बारीक शलाका ब्रॅकेटच्या कडेने फिरवली; ती जागोजागी अडखळत होती. राहून गेलेल्या कॉम्पोझिटचा कठडा तो हाच. “ब्रश तुम्ही करता, हे दिसतंय. पण इथं ब्रश पोचतच नाहीये, आणि हे जे खरखरीत आहे ना, ते तुम्हाला काढता येण्यासारखं नाही,” असे ते म्हणाले. ब्रॅकेटच्या हिरडीकडच्या कडेने थर काढल्यावर वरच्या दोन्ही छोट्या दातांवर पांढरे डाग होते.

पहिल्या दवाखान्यात हे दाखवल्यावर तिथली फाइल उघडण्यात आली. त्यात अनेक तारखांपुढे एकाच हस्ताक्षरात “ओरल हायजीन पुअर, पेशंट इन्फॉर्म्ड” असा शेरा होता. तो शेरा रुग्णाला तोपर्यंत एकदाही दाखवलेला किंवा वाचून दाखवलेला नव्हता. स्वच्छता खराब होती असे दर महिन्याला लिहिणाऱ्यांनी ती कुठे खराब आहे हे आरशात दाखवायला एक मिनिटही काढले नाही, हा यातला खरा दोष आहे. डाग तारांआधीचेच असतील असाही युक्तिवाद झाला, आणि आधीचे फोटो नसल्यामुळे तो खोडता आला नाही. तेव्हापासून जो कोणी तारांविषयी विचारतो त्याला लेखिका पहिला प्रश्न फोटोंचाच करते.

आता स्वच्छतेच्या पद्धतीकडे. साधने चार: मऊ केसांचा ब्रश, दातांच्या फटीत जाणारा इंटरडेंटल ब्रश, एकाच झुपक्याचा सिंगल टफ्ट ब्रश आणि फ्लॉस. तारांसाठीच्या खास ब्रशला मधोमध लांबट खाच असते, ती ब्रॅकेटवर बसते. तो उपयोगी आहे, पण त्याने पट्टी साफ होते या समजुतीत राहू नये. पट्टीसाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे सिंगल टफ्ट ब्रश, आणि दुर्दैवाने दवाखान्यांत त्याचेच नाव सर्वांत कमी ऐकू येते. लहान गावांतल्या मेडिकलमध्ये तो सहसा नसतो. मागवून ठेवावा लागतो, तेव्हा एकदम दोन-तीन घ्यावेत.

रात्रीची सफाई मुख्य. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्री राहिलेला थर सर्वांत जास्त नुकसान करतो. स्वतः अडकवायची रबरे असतील तर ती आधी काढून ठेवावीत. जोराने चूळ भरून सुटे कण घालवावेत. मग इंटरडेंटल ब्रश तारेच्या मागे, ब्रॅकेटच्या एका बाजूने वरून खाली घालावा, तीन-चारदा हलवावा आणि त्याच ब्रॅकेटच्या दुसऱ्या बाजूने पुन्हा तसेच करावे. ब्रश फटीत घट्ट बसायला हवा पण रेटावा लागता कामा नये. ब्रशच्या आतली तार दाताला खरवडत असेल तर माप मोठे आहे. खालच्या गर्दीच्या दातांना एक माप आणि दाढांना दुसरे लागते, हे बहुतेकांना सांगावे लागते.

त्यानंतर सिंगल टफ्ट. तो पेनसारखा धरायचा, मुठीत नाही. टोक हिरडीच्या कडेवर टेकवायचे आणि ब्रॅकेटच्या हिरडीकडच्या कडेने एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत छोटी वर्तुळे काढत न्यायचे, दाब अगदी हलका. प्रत्येक दातावर थांबून, ओठ बोटाने उचलून, आरशात पाहत. ओठ न उचलता वरच्या पुढच्या दातांची पट्टी दिसतच नाही. सुरुवात नेहमी वरच्या छोट्या दातांपासून आणि सुळ्यांपासून करावी. माणूस कंटाळतो तो शेवटी, आणि जिथे डाग पडण्याचा धोका सर्वाधिक तिथेच कंटाळून चालत नाही.

मग नेहमीचा ब्रश. तो आधी हिरडीच्या कडेवर पंचेचाळीस अंशांत तिरपा धरून हलके कंप द्यायचे. नंतर उलट्या बाजूने, म्हणजे चावण्याच्या कडेकडून ब्रॅकेटखाली तिरपा धरून. मग दाढांचे चावण्याचे भाग, आतली बाजू आणि जीभ. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू विसरू नये. लाळग्रंथींची तोंडे जवळच असल्यामुळे तिथल्या थरात कॅल्शियम झपाट्याने बसते आणि कठीण किटण तयार होते. किटण एकदा झाले की घरी निघत नाही. फ्लॉस तारेखालून ओवावा लागतो. एक टोक ताठ असलेला फ्लॉस त्यासाठी मिळतो. रोज जमत नसेल तर आठवड्यातून काही वेळा तरी करावा, आणि इंटरडेंटल ब्रश मात्र एकही रात्र चुकवू नये. रात्रीच्या या सगळ्याला नीट केले तर सात-आठ मिनिटे लागतात. दोन मिनिटांत उरकते असे सांगणाऱ्यांनी ते स्वतः तारा लावून केलेले नसते.

हिरडीतून रक्त येते म्हणून तो भाग टाळू नये. रक्त येते ते थर राहिल्यामुळे. तिथेच हलक्या हाताने रोज साफ केले की एक-दोन आठवड्यांत रक्त थांबते. तरीही थांबत नसेल तर तपासून घ्यावे.

इलेक्ट्रिक ब्रश हात थकणाऱ्यांना सोयीचा आहे, पण तोही पट्टीवर नेऊन धरावा लागतो. पाण्याच्या फवाऱ्याचे यंत्र अडकलेले कण छान काढते. चिकटलेला थर मात्र त्याने पुरता निघत नाही. ब्रशऐवजी ते वापरता येत नाही, ब्रशच्या जोडीला वापरावे. कड्या न लागणारे, झाकण असलेले सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेट अधिक पैसे घेऊन “स्वच्छ राहतात” म्हणून सुचवले जातात; केवळ त्या कारणासाठी जास्त खर्च करू नये.

टूथपेस्ट फ्लोराइडची हवी. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचे प्रमाण दशलक्ष भागांत १००० पेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि ते नळीवर व खोक्यावर छापावे लागते. छापलेले नसेल तर त्यात फ्लोराइड नाही असे समजावे. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्ट अशाच असतात. परंपरेचा मान राखूनही हे सांगायला हवे, की तारा असेपर्यंत लवंग, बाभूळ आणि मीठ यांच्यावर विसंबून राहता येणार नाही. दात घासल्यावर पेस्ट थुंकून टाकावी, पाण्याने खळखळून चुळा भरू नयेत. फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहू द्यावे. ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचे माउथवॉश रोज वापरता येते. ते ब्रशच्या वेळी न वापरता दुपारी किंवा संध्याकाळी वापरावे.

क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश ही निराळी गोष्ट आहे. ते जंतूंवर प्रभावी आहे, परंतु काही आठवडे सतत वापरले तर दात आणि कड्या तपकिरी होतात, चव बिघडते. ते ठरावीक दिवसांसाठी, सांगितल्याप्रमाणे घ्यायचे, आणि पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा परिणाम कमी होतो म्हणून ब्रशनंतर किमान अर्धा तास थांबून घ्यायचे. पहिल्या दवाखान्याने लेखिकेला ते “चालू ठेवा” म्हणून दिले होते, किती दिवस ते सांगितले नव्हते.

आपण स्वच्छ करतो ते खरोखर स्वच्छ होते का, हे रंगाच्या गोळीवरून कळते. एरिथ्रोसिनची गोळी चावून लाळेबरोबर फिरवायची, चूळ भरायची. थर राहिला असेल तिथे लाल-गुलाबी रंग धरतो. पहिल्या महिन्यात आठवड्याला एकदा, नंतर अधूनमधून. जुना शर्ट घालावा आणि बेसिन लगेच धुवावे. दवाखान्यातल्या “नीट करा” या उपदेशाने कोणाला काही कळत नाही. या गोळीने नेमके कुठे राहते ते एका नजरेत दिसते, आणि हाताला आपोआप वळण लागते.

खाण्याचे पथ्य बहुतेकांना माहीत असते. चिक्की, तिळाची कडक वडी, ऊस, कणीस दातांनी सोलणे, सुपारी, खडीसाखर आणि बर्फ टाळावा. पेरू, सफरचंद आणि गाजर कापून खावे. भाकरी मऊ असताना किंवा आमटीत कुस्करून. चिवड्यातले पातळ पोहे आणि डाळे, मेथीचे आणि कोथिंबिरीचे देठ, शेवग्याच्या शेंगेचे धागे तारेमागे हमखास बसतात. ते खाऊ नयेत असे नाही, खाल्ल्यावर लगेच आरसा गाठावा. हळदीने पारदर्शक कड्या एका जेवणात पिवळ्या होतात. तो घाणीचा थर नव्हे. पुढच्या भेटीत कड्या बदलल्या की रंग जातो. दिसण्याची चिंता असेल तर करड्या कड्या घ्याव्यात. गोड आणि आंबट पेये जेवणाबरोबर घ्यावीत, दिवसभर पुरवून पुरवून घेऊ नयेत. लिंबू सरबत किंवा कोला पिऊन लगेच ब्रश करू नये, आधी पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा.

नोकरी करणाऱ्यांसाठी दुपारची सफाई हीच अडचण. कार्यालयातल्या बेसिनशी उभे राहून तारा साफ करायचा संकोच वाटतो आणि आजूबाजूचे लोक या वयात हे कशाला असे विचारतातही. त्याला इलाज नाही. छोट्या डबीत इंटरडेंटल ब्रश, छोटा आरसा आणि टोचणाऱ्या तारेवर लावायचे मेण ठेवावे. पूर्ण ब्रश जमला नाही तरी जोराने चूळ आणि इंटरडेंटलचा एक फेरा दोन मिनिटांत होतो.

दवाखान्याकडून काय मागायचे ते आधीच ठरवून घ्यावे, आणि पॅकेजमध्ये काय आहे ते कागदावर लिहून घ्यावे. ब्रॅकेट लावल्याच्या दिवशीच कडेचे कॉम्पोझिट काढले का असे विचारावे. शंका असल्यास शलाका फिरवून दाखवायला सांगावे. तार बदलण्याच्या भेटीत जुनी तार काढल्यावर आणि नवी घालण्यापूर्वी दोन मिनिटे मिळतात. तेव्हा तारेच्या अडथळ्याविना ब्रश करू द्यावा, अशी विनंती करावी. जिथे हे नाकारले जाते तिथे रुग्णाच्या वेळेपेक्षा खुर्चीच्या वेळेला किंमत आहे असे समजावे. तारा असतानाच दर तीन-चार महिन्यांनी स्केलिंग व्हायला हवे. सगळे शेवटी एकदम करू, हा सल्ला चुकीचा आहे. डाग पडू लागण्याची शक्यता असेल तर ५ टक्के सोडियम फ्लोराइडचे व्हार्निश लावून मिळते, त्याला फारसा वेळ लागत नाही. ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करावा, कारण त्याच्या मागे अन्न साचते. आणि फाइलवर काय लिहिले ते दर वेळी पाहावे. तो रुग्णाचा हक्क आहे.

हिरड्यांचा आजार असलेल्यांनी, ऑर्थोडॉन्टिस्ट आणि हिरड्यांचे तज्ज्ञ एकमेकांशी बोलतात अशीच जागा निवडावी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आणि मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय इथे दोन्ही विभाग एकाच छताखाली आहेत. तिथे फेऱ्या जास्त होतात आणि रांगा असतात, पण शिकणाऱ्या डॉक्टरांच्या कामावर वरिष्ठांची नजर असते आणि नोंदी ठेवल्या जातात.

तारा निघाल्यावर पांढरे डाग दिसले तर घाईने ब्लीचिंग करून घेऊ नये. पहिले काही महिने नेहमीची फ्लोराइड पेस्ट आणि लाळ यांनाच काम करू द्यावे; लहान डाग बरेचसे फिके होतात. दुधातल्या केसिनपासून बनवलेली कॅल्शियम-फॉस्फेटची पेस्टही यासाठी देतात. दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी असलेल्यांनी ती वापरू नये. तरीही डाग उरले तर त्यात पातळ रेझिन मुरवण्याचा उपचार आहे. खड्डा पडला असेल तर भरावे लागते. ब्रॅकेट काढताना दातावर राहिलेले कॉम्पोझिट पूर्ण घासून गुळगुळीत केले आहे ना, तेही जिभेने चाचपून पाहावे आणि खरखर लागली तर परत बसून काढून घ्यावे.

सरळ झालेले दात मूळ जागी परतू नयेत म्हणून रिटेनर द्यावाच लागतो, आणि मोठ्यांना तो बहुधा वर्षानुवर्षे वापरावा लागतो. खालच्या दातांच्या आतून चिकटवलेली बारीक तार ही पुन्हा किटणाचीच जागा. तिच्याखालून रोज रात्री इंटरडेंटल ब्रश किंवा ताठ टोकाचा फ्लॉस घालावा. काढता-घालता येणारा पारदर्शक रिटेनर साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवावा. गरम पाण्याने तो वाकतो आणि पेस्टने त्यावर ओरखडे पडतात. तो दातांवर बसवण्यापूर्वी दात साफ असायलाच हवेत, कारण त्याच्या आत लाळ फिरत नाही आणि राहिलेला थर रात्रभर झाकून राहतो.